बाबांच्या टाकीचा नवा फिल्टर

पुढचा नंबर कुणाचा म्हणून मी बाहेर डोकावले, तर तो पेशंट गुडघ्यांवर बसला होता, सुजलेला गाल बाबांच्या मत्स्यटाकीच्या काचेला टेकवून.

"गार वाटतंय का?" मी विचारलं.

"वाटतंय. पण मी पंप ऐकतोय." मग उठत म्हणाला, "डॉक्टर, माझी दाढ थांबेल. तुमच्या माशांना श्वास पुरत नाहीये."

खरंच, केशरी जोडी पाण्याच्या वरच्या थराशी धापा टाकत होती. अकरा वर्षं सांभाळलेली जोडी. पक्षाघाताने बाबांचा उजवा हात लुळा पडला आणि फिल्टर साफ करायला कुणी उरलं नाही… म्हणजे मी होते, पण मला सवड नव्हती. बाबा रोज दुपारी टाकीसमोर येऊन बसायचे. तक्रार कधी केली नाही.

तो समुद्री जीवांच्या प्रयोगशाळेत पाण्याची यंत्रणा सांभाळायचा. त्या दिवशी त्याने थोडं पाणी बदललं, हवेची नळी सोडली, मासे सावरले. मग म्हणाला, "हा टांगलेला फिल्टर या टाकीला अपुरा आहे. खालच्या कपाटात पाणी गाळणारी दुसरी टाकी बसवू. रूट कॅनालला किती वेळा यायचंय?"

"तीनदा."

"मग तीनदा तुम्ही माझं काम करा, तीनदा मी तुमचं."

खुर्चीत बसला की त्याचे हात घट्ट आवळलेले असायचे.

"घाबरता?"

"सुईला," तो म्हणाला. "तुम्हाला… थोडंसं."

तेच हात कपाटात शिरले की किती निवांत होत. लोकांची मी हातांवरून पारख करते, धंदाच तसा. नळी कापण्याआधी तो दोनदा मापायचा, कापलेली कड बोटाने चाचपायचा. जुना स्पंज मी कचऱ्यात टाकायला निघाले, तर त्याने हळूच माझं मनगट धरलं.

"तो राहू द्या. पाणी राखणारे जिवाणू त्यातच आहेत. नव्या टाकीत तो आधी जाईल."

मनगट सोडायला त्याला जरा उशीर झाला. मीही घाई केली नाही.

आणि बाबा! कुठली नळी कुठे जाते, हे तो त्यांना प्रत्येक वेळी विचारायचा. उत्तर त्याला ठाऊक असायचं, हे मला कळत होतं. तरी बाबांचे अडखळते शब्द पुरे होईपर्यंत तो थांबायचा. मधे एक शब्दही सुचवायचा नाही. मी मात्र सुचवायचे, रोजच.

तिसऱ्या खेपेला दाढेवर टोपी बसली आणि कपाटातलं पाणी फिरू लागलं. वरून खाली, स्पंजातून, फेसाबरोबर घाण काढणाऱ्या नळकांड्यातून पुन्हा वर. आवाज जवळजवळ नाहीच.

"आता पंप बंद करा," तो मला म्हणाला.

"चालू आहे की छान."

"वीज गेली तर काय होईल, ते आत्ताच बघू."

मी बटण दाबलं. वरचं पाणी खालच्या टाकीत उतरू लागलं. तिथलं पाणी चढलं… आणखी चढलं. माझा जीव टांगणीला. काठाच्या दोन बोटं खाली येऊन ते थांबलं. जमिनीवर एक थेंब नाही.

"पक्कं… काम," बाबा म्हणाले. कित्येक दिवसांनी ते हसले.

मी पंप पुन्हा लावला. तो हत्यारं पिशवीत भरू लागला, फारच सावकाश.

"दर आठवड्याला पाणी तपासावं लागेल," तो म्हणाला. "सोपं आहे. मी शिकवू शकतो… पण मला शिकवायचं नाहीये."

"का?"

"शिकलात तर मला बोलवणार नाही."

मी हातमोजे काढले. गाल तापले होते माझे, आणि बाबा टाकीकडे बघत असल्याचं सोंग करत होते.

"रविवारी या," मी म्हटलं.

"रविवारी दवाखाना बंद असतो ना?"

"म्हणूनच."