साक्षी चेंडूची नोंद

“माझ्या वडिलांना खोटारडं ठरवून कामावरून काढलं,” ती म्हणाली. “दोन महिन्यांत ते गेले. मला त्यांचं नाव परत हवंय.”

खासगी तपास करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळेच दाजी म्हणत. खरा हक्क फक्त सोबत फिरणाऱ्या मेहुण्याचा होता.

तिचे वडील चेंडूंच्या कारखान्यात परीक्षक होते. अडीच मीटरवरून चेंडू दगडी फरशीवर सोडायचा, उसळी मोजायची, वहीत लिहायची. त्यांनी एकशे चाळीस सेंटिमीटर लिहिलेले चेंडू मॅनेजरने मालकांसमोर सोडून दाखवले. उसळी भरली एकशे एकवीस.

“न मोजता आकडे ठोकायचा म्हातारा,” मॅनेजर आपल्या कचेरीत म्हणाला. “चेंडू तेच, उंची तीच. फरशीसुद्धा खालून इथे आणून ठेवली होती. अजून काय हवं?”

“फरशी जाड असेल ना?” दाजींनी विचारलं.

“छे, बोटभर. शिपायाने एकट्याने आणली.”

मेहुणा गालिच्यात बूट रुतवून बघत होता. “दाजी, इथे झोपायला गादी नको.”

“तू झोपू मात्र नकोस.”

भांडार सांभाळणाऱ्या बाई हळू आवाजात बोलल्या. “मॅनेजरच्या भाच्याने पुरवलेलं रबर काकांनी दोनदा परत पाठवलं होतं. रोज आधी डब्यातला जुना साक्षी चेंडू सोडायचे. तो एकशे चाळीस भरला, तरच काम सुरू.”

“त्या दिवशी वरती कचेरीत सोडला?”

“मॅनेजर नको म्हणाले होते. पण हाताला सवय. मालक यायच्या आधी मीच तीनदा सोडला.” त्यांनी वही उघडली. तिन्ही वेळा एकशे एकवीस. “वाटलं, माझंच काही चुकलं.”

“तोही चेंडू मेला म्हणायचा,” मेहुणा म्हणाला.

दाजींनी तो खालच्या तपासणीच्या खोलीतल्या फरशीवर सोडला. तीच फरशी आता पुन्हा सिमेंटवर पक्की बसलेली होती. उसळी एकशे चाळीस.

संध्याकाळी सगळे मालकांसमोर उभे होते.

“साक्षी चेंडू खाली एकशे चाळीस, वर एकशे एकवीस,” दाजी म्हणाले. “म्हणजे चेंडू बदलले नाहीत, जमीन बदलली. पातळ फरशी गालिच्यावर ठेवली की दबते, उसळी खाते. परीक्षकांचा प्रत्येक आकडा खरा होता.”

“गालिच्याने इतका फरक पडतो, हे मला काय ठाऊक?” मॅनेजर म्हणाला.

“ठाऊक नव्हतं, तर साक्षी चेंडू वर आणायला बाईंना मनाई का केलीत?”

मेहुण्याच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला.

मालकांनी घसा साफ केला. “मी लगेच पत्र देतो.” ते लिहू लागले, ‘नजरचुकीने आपल्या वडिलांवर…’

मुलीने वाकून वाचलं.

“नजर कुणाचीच चुकली नव्हती,” ती म्हणाली. “खोडा ते. ‘खोटा आरोप’ लिहा. आणि पत्र मला नको, फाटकावरच्या फळ्यावर लावा. त्यांना काढल्याचं तिथेच लावलं होतंत.”

मालकांनी तो शब्द खोडला. ते नवा कागद घेऊ लागले, तेव्हा तिने थांबवलं.

“खाडाखोड दिसू दे,” ती म्हणाली.