औषध कोणाच्या नावावर?

"पुढं व्हा, बाई... काय दुखते?"

गिरणीच्या दवाखान्यातल्या नव्या कंपाउंडरनं, श्रावणनं, मान वर केली आणि अर्धं औषध बाटलीबाहेर ओतलं. खिडकीसमोर सुलोचना उभी होती. सेलूच्या वाटेवरच्या त्या गिरणीत ती सुताची रिळं भरायची. केसांत कापसाचा भुरा, आणि नजर अशी, की समोरच्यानं आपणहून सदऱ्याचं बटण लावावं!

"मले काई नाई दुखत. आमच्या खात्यातल्या भागाबाईले पाळणा लांबवायचं औषध पाह्यजे. पाचवं बाळंतपण झालं तं बाई वाचत नाई, तुमचेच डॉक्टर म्हणते."

"तिचा नवरा गिरणीत हाय?"

"नाई. तो वावरात राबते. गिरणीत भागाबाईच हाय."

श्रावण ओशाळला. "मंग नाई भेटत. ते औषध कामगाराच्या बायकोले हाय... कामगार बाईले नाई."

"वा रे वा! सूत आमी भरावं, अन् औषध नवऱ्याच्या नावावर?"

"तुमाले पाह्यजे असन तं..." तो हळूच हसला, "मी बी कामगारच हाय. अन् अजून बिनलग्नाचा."

अगं बाई! सुलोचनाचे कान तापले. गडी तिला आवडला होता, खोटं कशाला बोला. पण भागाबाईचा जीव टांगणीला, आणि हा दात काढतो?

"औषधापायी नवरा करणारी मी नाई!" म्हणून ती तरातरा निघून गेली.

संध्याकाळी श्रावण फाटकाशी सायकल धरून उभा.

"चुकलो मी. थट्टेची वेळ नव्हती. डॉक्टरसाहेबाले बोललो, तं ते म्हणते, नियम मालकाचा हाय." तो जरा घुटमळला. "पन... डोकं दुखते म्हणून कोनी आलं, तं आमाले तपासाच लागते. कितीबी जण येवो."

सुलोचनानं त्याच्याकडं पाहिलं. मग दोघंही खुदकन हसले.

दुसऱ्या दिवशी खात्यातल्या झाडून साऱ्या बायांचं डोकं दुखलं! दवाखान्यापासून फाटकापर्यंत रांग, आणि रिळं ठप्प. मॅनेजर आधी ओरडला, मग त्यानं धमकावून पाहिलं, शेवटी हातच जोडले.

"अहो, पाहिजे तरी काय तुम्हाला?"

"औषध," सुलोचना म्हणाली. "आमच्या सोताच्या नावावर."

दुपारच्या भोंग्याआधी भागाबाई स्वतःच्या नावावर मिळालेली पुडी पदरात बांधून, डोळे पुसत कामावर गेली. रांग पांगली. सुलोचना तेवढी खिडकीशी थांबली.

"आता मले तुमच्या नावाची काईच गरज नाई," ती म्हणाली. "म्हून सरळ इचारून राह्यली... करता का माझ्यासंग लगन?"

श्रावण खिडकी सोडून धावत बाहेर आला. "करतो! आत्ता करतो!"

"आत्ता नाई," ती हसली. "आधी रिळं चालू करू दे."