जास्तच चमकणारे टाके

"हा टाका जरा जास्तच चमकतोय," भिंगातून डोळा न काढता खारू म्हणाली.

"मग चांगलंच की," तिचा धाकटा भाऊ ढोल्या म्हणाला. "सुट्टीत मावशीकडे काय मळके टाके शोधायला आलीस?"

खरे तर तिला त्यासाठीच बसवले होते. मावशीच्या छोट्या कारखान्यात शाळांसाठी संगणक जुळवत, आणि ही भावंडे तिथली बिनपगारी तपासनीस. मावशीने पहिल्याच दिवशी बजावले होते, "आपली टाके घालायची सोल्डरची तार बिनशिशाची. शिसं विषारी असतं. संगणक आज ना उद्या भंगारात जातो, मग ते मातीत आणि पाण्यात उतरतं. आपला टाका मंद दिसतो, दिसू दे."

हा टाका मात्र नुकत्याच घासलेल्या भांड्यासारखा लखलखत होता. चार वाजता चाळीस संगणक घेऊन टेम्पो निघणार होता, आणि सोबत 'यात शिसे नाही' असा मावशीच्या सहीचा कागद. ती सही खोटी ठरली तर मावशीला पुन्हा काम कोण देणार? खारूने भिंग खाली ठेवले. ती धावतच मावशीकडे गेली.

मावशीने सोल्डरिंग गन दोनशे अंशांवर ठेवली. बिनशिशाच्या तारेला सव्वादोनशे तरी लागतात. कोऱ्या पाकिटातली तार टोकाला लावली, ती ढिम्म. टेबलावरच्या रिळाची लावली, तर तिचे क्षणात पाणी झाले. रिळावर चिठ्ठी मात्र बिनशिशाचीच होती.

"चिठ्ठी खरी आणि तार खोटी?" मावशीने रीळ उलटसुलट करून पाहिले.

"तरीच!" ढोल्या म्हणाला. "माझ्या खेळातल्या गाड्याच्या चाकांसाठी कालपासून रिकामी रिळं शोधतोय. कचऱ्यात एक मिळेल तर शपथ. कुणीतरी ती पळवतंय."

खारूने एक रिकामे रीळ मुद्दाम कचऱ्याच्या टोपलीत टाकले आणि दोघे खोक्यांमागे दडली. ढोल्याला नेमकी तेव्हाच शिंक येत होती. खारूने त्याचे नाक धरून ठेवले.

आले कोण, तर भांडार सांभाळणारे नाना! त्यांनी रीळ उचलून सदऱ्याने पुसले आणि आतल्या खोलीत जाऊन एका जुनाट, जाड रिळावरची तार त्यावर गुंडाळायला घेतली.

"नाना, हे काय?" मागून मावशीचा आवाज आला.

"परवा आवरताना सापडली. जुनी रिळं नव्या स्टँडवर बसत नाहीत, म्हणून यावर घेतोय," नाना कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "चांगली तार फेकायची कशाला? तार ती तार."

कारखाना म्हणजे एकच टेबल होते, तेव्हापासून नाना तिथे होते. वाकडा खिळासुद्धा ठोकून सरळ करणारा माणूस! मावशीला रागावताच येईना. शेवटी खारूच जवळ जाऊन हळूच म्हणाली, "नाना, या तारेत शिसं आहे."

नानांचे हात थांबले. "म्हणजे पोरी, तुझ्या मावशीच्या सहीवर मीच शाई सांडली की."

"अजून सही झाली नाही, नाना," खारू म्हणाली. "चला, शोधू."

मग टेम्पो थांबवून चाळीसही संगणक उघडले. खारू भिंगातून बघे, शंका आली की मावशी दोनशे अंशांची परीक्षा घेई. नऊ संगणक बाजूला निघाले. मावशीने शाळेला फोन करून खरे काय ते सांगितले. उरलेले नऊ दोन दिवसांनी येतील म्हणाली. जुनी तार नानांनी स्वतः डब्यात बंद करून त्यावर लाल खूण केली. ती आता विषारी कचरा नीट हाताळणाऱ्यांकडे जाणार होती.

साडेपाचला कागद पुढे आला. 'तपासले' या ओळीवर आजवर नानांचीच सही असे. त्यांनी खिशातले पेन काढले, टोपण उघडले आणि खारूच्या हातात दिले.

"जे मला दिसलं नाही ते तुला दिसलं. आज ही ओळ तुझी."

खारूने वहीवर घालते तसे पूर्ण नाव वळणदार अक्षरात लिहिले. कागद हलू नये म्हणून नानांनी कडा धरून ठेवली होती. मावशीने ते नाव एकदा वाचले, खारूला जवळ ओढले आणि मगच त्याखाली आपली सही केली.