रिबिनीची गाठ

"हूऽऽइ...!"

तीच शीळ! बावन्न वर्षं लोटली, तरी मालसुनच्या कानांत ती अजून तशीच वाजत असे... खोल पाण्यातून वर येऊन कोंडलेला श्वास सोडणाऱ्या वीस बायांच्या वीस शिळा एका वेळी उठल्या, तरी त्यांतली आईची कोणती, हे ती डोळे मिटून सांगे. शेवटाला किंचित चिरकणारी, गाता गाता पाखरानं मागं वळून पाहावं तशी! आणि नाव परत फिरली की वल्ह्याच्या तालावर आईची ओवी...

दर्याच्या घरा बाई, नाही दार नाही खिडकी
आत जाया, मागं याया, श्वास एवढीच होडकी

आज सकाळी ती ओवी मालसुनच्या ओठांवर आली होती, कारण आज तिच्या भाचीची, बोरमची, गावातल्या पाणबुड्या बायांबरोबर शिंपले काढायला समुद्रात उतरायची पहिली वेळ होती. बुसान शहरातली खुर्चीतली नोकरी सोडून आलेली एकतीस वर्षांची पोर! काळ्या दगडांच्या आडोशात शेकोटी पेटली होती, बाया रबरी अंगरखे चढवत होत्या, पाण्यात घालायच्या चष्म्याची काच धुरकटू नये म्हणून तिच्यावर दवण्याचा पाला चोळत होत्या. निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या होत्या. एकेकाळी इथं बसायला दगड पुरत नसे...

"काय गं बोरम, आज तरी सळई परत आणशील ना?" जाडजूड गपसुन ओरडली. जन्मभर पाण्यात राहून कान गमावलेल्या त्या बायांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. "शिकताना दोन घालवल्यास म्हणे! समुद्रात लोखंड पेरतेस की काय? पुढल्या वर्षी उगवेल हो!"

सगळ्या खदखदून हसल्या. बोरम लाजली. शिंपले खडकापासून उचकटायची ती लोखंडी सळई मनगटाच्या पट्ट्यात अडकवत म्हणाली, "आता नाही घालवणार, गपसुनमावशी. बघाच तुम्ही!"

"मावशी, माझी जोडीदार तूच ना?" तिनं मालसुनकडे पाहिलं.

जोडीदारणीचा एक नेम होता. पाण्यात पाय घालण्याआधी एकमेकींचा हात धरायचा आणि मनगटावरचा पट्टा ओढून पाहायचा. ओढला की तो सुटलाच पाहिजे! मोठा शिंपला सळईवर मिटला तर लोखंड त्याच्या तोंडात सोडून हात मोकळा करायचा आणि वर यायचं. मालसुननं हात पुढे केला... बोरमची बोटं तिच्या बोटांना लागली मात्र...

"हात लावू नकोस तिला!"

आडोशाच्या तोंडाशी युनसिल उभी होती. मालसुनची धाकटी बहीण, बोरमची आई. जिनं गेली बावन्न वर्षं या किनाऱ्याला पाठ केली, लग्नानंतर वरच्या अंगाला संत्र्यांच्या बागेत घर केलं, जिनं लाटांचा आवाज नको म्हणून समुद्राकडची खिडकी बुजवून घेतली, ती आज चपलांसकट ओल्या दगडांवर उभी होती.

"आई, तू इथं कशाला..." बोरम गडबडली.

"तू गप्प बस! तुला समुद्रच हवाय ना? जा. माझं कोण ऐकतंय! पण या बाईबरोबर जायचं नाही. जोडीदार म्हणे! सख्ख्या आईला पाण्यात एकटी सोडून किनाऱ्याला आलेली ही जोडीदार! आता माझ्या पोरीलाही सोडून येणार आहेस का गं?"

शेकोटीतलं लाकूड तडकलं. मालसुनचं अंतःकरण जणू उभं चिरलं गेलं... एक वाक्य! फक्त एकच वाक्य तिनं उच्चारलं असतं, तर हा कलंक धुऊन निघाला असता. ते वाक्य तिच्या जिभेच्या टोकाशी आलं, थबकलं आणि ती नेहमीसारखं ते गिळून गेली.

कारण खरं काय घडलं, ते तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही, अशी तिची खात्री होती.

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिची सळई पाण्यात गेली होती. तेव्हा नऊ वर्षांच्या युनसिलनं स्वतःच्या वेणीची लाल रिबीन सोडली होती, आईच्या नव्या सळईला बांधली होती आणि भल्या पहाटे आईच्या मनगटावर, जिभेचं टोक दातांत धरून, तीन-तीन गाठी मारल्या होत्या. "आता नाही हं हरवणार, आई!" आईनं हसून लेकीचा मुका घेतला. लेकीचं मन मोडायला नको म्हणून ती रिबीन तशीच ठेवून समुद्रात गेली... एकोणीस वर्षांची मालसुन जोडीला होती, पण आईनं तिलाही हसून मनगट ओढून पाहू दिलं नाही. दुसऱ्या बाजूच्या खडकावरून ती वर आली, शीळ घातली, उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं नाही! खाली जाऊन पाहते तो आईचा हात सळईला, सळई शिंपल्यात, शिंपला खडकाला... आणि त्या हातावर लाल रिबिनीच्या, पाण्यानं फुगून घट्ट झालेल्या तीन गाठी!

बाया पोहोचायच्या आत मालसुननं ती रिबीन कापून मुठीत दडवली होती. काय झालं म्हणून विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी तिला सोडून पुढं गेले."

त्या एका खोट्याची किंमत तिनं आयुष्यभर मोजली. शेकोटीशी तिला धुराच्या बाजूची जागा मिळाली. ठरलेलं लग्न मोडलं, "जी आईला सोडून आली ती सासूला काय धरणार!" असं वरपक्षाची माणसं पलीकडच्या गावाहून येऊन तोंडावर सांगून गेली. तिनं समुद्र उपसून युनसिलला वाढवलं, शिकवलं... आणि सगळं कळायच्या वयात आलेल्या युनसिलनं तिला "ताई" म्हणणं टाकलं. म्हणेना का! नऊ वर्षांच्या जिवावर आईच्या मरणाचा डोंगर ठेवण्यापेक्षा हे बरं, असं मालसुन स्वतःला सांगत राहिली.

"गपसुन, तू ने बोरमला," ती खालच्या मानेनं म्हणाली.

भांडणाच्या त्या वावटळीत सगळ्या लगबगीनं पाण्यात उतरल्या. नारिंगी तरंडे, जाळी बांधायचे ते तरंगते गोळे, लाटांवर पसरले. मालसुन आपल्या जागी गेली. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी म्हाताऱ्यांसाठी राखलेलं असे, तरण्या बायांनी तिथं शेवाळाचं एक पातंही उचलायचं नाही, असा गावाचा दंडक. छातीचं दुखणं लागल्यापासून तिला तेवढंच पाणी उरलं होतं. त्याच्या कडेला, जिथं तळ एकदम खोल जातो, तिथं बोरम बुड्या मारत होती. मागं खडकावर युनसिल उभी होती, पुतळ्यासारखी.

"हूऽऽइ!" ही गपसुनची, भोंग्यासारखी. "हूऽऽइ..." ही बोरमची... आणि मालसुन गर्रकन वळली. शेवटाला किंचित चिरकणारी! अगदी आईचीच शीळ, नातीच्या गळ्यात उतरलेली!

बोरम पुन्हा खाली गेली. मालसुन मोजू लागली. तीस... पन्नास... गपसुन वर आली, शीळ घातली, जाळी तरंड्याला बांधू लागली. सत्तर... बोरमचा तरंडा एकटाच डुलत होता. आणि एकाएकी मालसुनला सकाळचं ते बोलणं आठवलं. आता नाही घालवणार, बघाच तुम्ही... अरे देवा! पट्टा! पोरीचा पट्टा कुणी ओढूनच पाहिला नाही!

छातीचं दुखणं, डॉक्टरची ताकीद... काही आठवलं नाही तिला. शेवाळ कापायचा विळा मुठीत धरून ती म्हातारी माशासारखी उलटली आणि कडेवरून खोल अंधारात झेपावली.

तेच दृश्य! बावन्न वर्षं समुद्रानं जणू ते तिच्यासाठी जपून ठेवलं होतं. हात सळईला, सळई शिंपल्यात, शिंपला खडकाला. बोरमचे डोळे काचेमागं विस्फारलेले, मनगटावर पट्टा, आणि वरून सळई सुटू नये म्हणून दोरीची गच्च गाठ. मालसुनच्या छातीत कुणी जळता निखारा ठेवला. "या वेळी नाही... या वेळी नाही, आई!" एवढंच तिच्या मनात घुमलं. विळा एकदा फिरला, निसटला, दुसऱ्यांदा फिरला...

"हूऽऽऽइ!"

दोन शिळा एकदम उठल्या. एक चिरकी आणि दुसरी म्हातारी, फाटलेली.

गपसुननं ओढत दोघींना खडकाशी आणलं. युनसिल कमरेएवढ्या पाण्यात शिरली होती. जिनं अर्धशतक समुद्राला पाऊल लावलं नव्हतं ती! तिनं लेकीला कवटाळलं, तिचं मनगट पाहिलं. तिथं जांभळा वळ उमटला होता. मग तिची नजर मालसुनकडे वळली. मालसुन खडकाला टेकून धापा टाकत होती, ओठ निळे पडले होते; पण उजवी मूठ तिनं पाठीमागं नेली होती.

"काय लपवतेस?" युनसिलनं विचारलं.

"काही नाही... पोरीला शेकोटीशी ने आधी. कुडकुडतेय ती."

"मूठ उघड."

"युनसिल, जाऊ दे. चूक नाही तिची, घाईत राहून गेलं..."

"मूठ उघड म्हणते ना!"

युनसिलनं एकेक बोट सोडवलं. सुरकुतलेल्या तळहातावर कापलेल्या दोरीचा तुकडा होता, गाठीसकट. ती बघतच राहिली... पाण्यातच बसली ती, बहिणीच्या पायांशी.

"त्या दिवशीही अशीच मूठ मिटली होतीस तू," ती म्हणाली. आवाज नऊ वर्षांच्या पोरीचा होता. "सगळ्या निघून गेल्यावर इथंच शेकोटीत टाकलीस ना ती? मी त्या दगडांमागं उभी होते. लाल रिबीन जळताना पाहिली मी."

"तुला... तुला ठाऊक होतं?"

"आईच्या मनगटावरचा वळ मीही पाहिला होता गं! रोज वाटायचं, आज तू बोलशील. तू बोललीस की मी रडून मोकळी होईन. तू बोललीच नाहीस! आणि तू गप्प राहिलीस म्हणून सगळ्यांनी तुला जे म्हटलं, तेच मीही म्हणत गेले... ते म्हणणं सोपं होतं. तुझ्याकडे पाहिलं की मला माझी बोटं दिसायची. म्हणून तुझं तोंड नको झालं मला!"

मालसुननं हात तिच्या ओल्या केसांवर ठेवला. काही बोलणार तोच युनसिल उठली, आणि खडकावर जमलेल्या त्या बायांकडे, गपसुनकडे, आपल्या लेकीकडे तोंड करून, समुद्राच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली:

"ऐका गं सगळ्या! माझ्या ताईनं आईला सोडलं नव्हतं. ती गाठ मी मारली होती!"