खाडीला सांगून

बाबांना एक खोड होती. घरातल्या प्रत्येक बरणीचं झाकण ते असं आवळायचे, की उघडायला पुन्हा त्यांनाच बोलवावं लागे. आई होती तोवर ती वैतागायची, मग लेक वैतागायला लागली. दोन वर्षांपूर्वी बाबा भरतीच्या वेळी तिवरांच्या रानात गेले ते परतलेच नाहीत. तेव्हापासून घरातली सगळी झाकणं सुतासारखी सरळ झाली होती, आणि तिला त्याचंच रडू येई.

खाडी त्यांच्या लोकांची. पिढ्यानपिढ्या तेच ती राखत आलेले: माशांची वीण असताना जाळी बंद, मोडल्या तिवराच्या जागी नवं रोप, चोरून लावलेलं जाळं दिसलं की कापून टाकायचं. बाबांनंतर राखणीची जबाबदारी तिच्याकडे आली. नियम तसे पुष्कळ, पण एक फार कडक. आत जाणाऱ्याची ओळख दुसऱ्या कोणीतरी काठावरून मोठ्यानं सांगायची, ‘हा आमचा’ म्हणून. आणि परतताना पुन्हा ओळख सांगून ‘घरी नेतो’ अशी हाक द्यायची. आपली ओळख आपणच सांगायची नाही, मग माणूस कितीही मोठा असो.

बाबांची ओळख त्या सकाळी तिनंच सांगितली होती. परतीची हाक मात्र तिनं अजून दिली नव्हती.

“देहच सापडला नाही, तर घरी नेऊ कोणाला?” ती आत्याला म्हणे.

“हाक न दिलेला माणूस ताटकळतो गं,” आत्या म्हणे, आणि विषय तिथंच राही.

तिचा नवरा शहरातला, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. लग्न नुकतंच झालेलं. खाडीच्या पाण्याचे नमुने घ्यायला तो बाटल्यांची पेटी घेऊन आत जायचा. “खाडीला ओळखपत्र दाखवू का?” अशी थट्टा करायचा, पण तिच्या हाकेसाठी शहाण्यासारखा थांबायचाही. त्या दुपारी ती आणि आत्या खाडीच्या तोंडाशी एक चोरटं जाळं कापायला गेल्या. काम लांबलं. परतल्या तेव्हा भरती लागली होती, आणि काठावर त्याच्या चपला होत्या.

तिनं घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. पाणी तिवरांच्या मुळांवर चढत होतं. एरवी या वेळी भांडणारे बगळे अगदी चिडीचूप बसले होते.

मग तो आला. हसत, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, हात रिकामे.

तिनं त्याला घट्ट धरलं. मग, रागानं, “बाटल्यांची पेटी कुठंय?”

“एका आजोबांकडे. इथंच भेटले मला. एकटा जाऊ नकोस म्हणाले. आणि काय ओरडले माहितेय? ‘हा माझ्या खेकडीचा नवरा!’ खेकडी कोण गं?”

लहानपणी रुसली की ती आडवी चालायची. त्या नावानं तिला एकच माणूस हाक मारायचा. आत्यानं हातातलं जाळं खाली ठेवलं.

“कुठं आहेत ते?” तिनं विचारलं.

“त्या शेवटच्या तिवरापाशी. तिथवर सोडलं मला. म्हणाले, आता माझी ओळख तू सांग. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही कोणाचे ते मला कुठं माहीत? तर म्हणाले, बरं, थांबतो.”

तिवरापाशी कोणी नव्हतं. नुसतं पाणी. पण एका जागी ते वळसा घेऊन जात होतं, कमरेएवढ्या पाण्यात कोणी उभं असावं तसं.

हाक द्यायची म्हणजे बाबा गेले हे कबूल करायचं. नाही दिली तर ते असेच उभे राहणार, पाण्यात, एकटे.

“दे,” आत्या म्हणाली.

“हे माझे बाबा!” ती ओरडली. “घरी नेते!”

पाणी सरळ वाहू लागलं.

तिघं घरी आली. घराच्या पायरीवर बाटल्यांची पेटी ठेवलेली होती, ओलीचिंब. आत्या आणि नवरा बाहेर पाय धुवायला थांबले. ती चहा टाकायला आत गेली. आधण आलं.

साखरेच्या बरणीचं झाकण निघेना.

तिनं फडकं लावून पिळलं. दात खाऊन पिळलं. बाहेर बादली वाजत होती, आत्याचा आणि नवऱ्याचा आवाज येत होता.

तिला हसू आलं, आणि रडूही. मागे वळून न बघता तिनं बरणी पाठीमागे धरली.

“बाबा, झाकण.”

थंडगार, ओल्या बोटांनी बरणी तिच्या हातातून अलगद काढून घेतली.