तिसरी डोलकाठी

मेल्यावर तरी माणसानं गप बसावं की नाही?

आमचे मालक नाही बसले. जिवंतपणी त्यांना एक खोड होती. एखादी गोष्ट विचारली की मनासारखं उत्तर मिळेपर्यंत तीच विचारत राहायचं. 'नाही' एवढं त्यांना ऐकूच जायचं नाही. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात जन्मभर ठोकाठोकी करून कान बसले म्हणावं, तर चहाचं आधण ठेवलेलं अंगणातनं ऐकू यायचं.

ती खोड सरणावर जळली नाही. तिचीच ही हकीकत.

मी बजाबाई. सोलापुरात शुक्रवार पेठेत राहते. शाळा चौथीपर्यंत. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलंय, नातीनं, आरोहीनं, फक्त मोबाईलवर चढवलं. तिला बजावलंय, एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही. ज्याला खोटं वाटतंय त्यानं खुशाल घरी यावं. दिवे लागायच्या वेळेला यावं. आमच्या जात्याच्या खुंट्याला एक दोरा बांधलाय, त्याला हात लावून बघावा.

छाती असेल तर.

मालकांचं नाव जोतीराम. लिहायला हरकत नाही, तोंडानं मी ते कधी घेतलं नव्हतं. आमच्यात बायका घेत नाहीत.

नोकरीत असताना कारखान्यानं त्यांना एकदा कामासाठी मुंबईला धाडलं. तिथं त्यांनी समुद्र बघितला. आणि कुठल्याशा साहेबाच्या टेबलावर एक बाटली बघितली. बाटलीच्या आत गलबत. शिडाचं, डोलकाठ्या उभ्या असलेलं. बाटलीचं तोंड बोटाएवढं, आणि आत अख्खं गलबत.

घरी आले ते दोन्ही खुळं घेऊन आले.

पहिलं खूळ, "बजा, समुद्र बघायला येतीस का?"

मी म्हटलं, न्हाय. ज्वारी काढायला आलीय. पुढच्या साली विचारलं, न्हाय. त्याच्या पुढच्या साली, न्हाय. मी मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली. ज्वारीला दवावर पोसणारी आम्ही माणसं. नुसतं पाणीच पाणी बघायला कशाला जायचं? पण ते विचारायचे थांबले नाहीत.

दुसरं खूळ रिटायर झाल्यावर निघालं. भंगारवाल्याकडनं दारूच्या रिकाम्या बाटल्या आणायला लागले. जन्मात थेंबाला शिवले नाहीत, आणि सबंध गल्लीत बोभाटा झाला की बजाबाईचा नवरा म्हातारपणी प्यायला लागला. मी भांड भांड भांडले. ते आपले सायकलच्या तारेला आकडा करून बाटलीत खुपसत बसायचे.

त्यांची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गलबत बाहेर करायचं, बाटलीच्या तोंडातनं जाईल एवढं बारीक. डोलकाठ्या आडव्या पाडून ठेवायच्या, मिटलेल्या छत्रीसारख्या. एकेका काठीला एकेक दोरा. गलबत आत सरकवायचं, दोरे बाहेर लोंबते ठेवायचे. मग दोरा ओढला की काठी आत उभी राहते. उभी राहिली की आकड्यानं आत डिंकाचा थेंब लावायचा, दोरा तोडायचा, बूच मारायचं.

झालं. गलबत निघालं, असं म्हणायचे ते.

शेवटचं गलबत त्यांनी सगळ्यात मोठ्या बाटलीत घातलं. तीन डोलकाठ्यांचं. धोतराच्या फडक्याची शिडं, चादरीच्या कारखान्यातल्या दोऱ्याचे दोर, खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीत नीळ घालून केलेला समुद्र. गलबत आत सरकवलं, तीन दोरे बाहेर लोंबते ठेवले, जेवले, आडवे झाले.

उठले नाहीत.

चैत्रातली गोष्ट, गेल्या साली.

दहाव्याला आम्ही भीमेच्या काठाला. पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर रांगेनं बसलेले. एकही खाली येईना. माझा लेक उदयसिंह पुढं झाला, आईला सांभाळीन म्हणाला. कावळे बसून. सून दिपालीनं हात जोडले, गलबत पुरं करून घेऊ म्हणाली. कावळे बसून. ऊन डोक्यावर आलं. पाव्हणे सकाळपास्नं उपाशी. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

म्हणजे माझ्या नवऱ्याची इच्छा राहिली असं सगळ्या भावकीत होणार. माझ्याकडनं राहिली, असंच होणार.

मला राग आला. बायकांनी मागं थांबायचं असतं. मी पुढं गेले.

"येते तुमच्या गलबतातनं," मी म्हटलं. "समुद्रावरच काय, म्हणाल तितं येते. आता शिवा त्या घासाला, आन् माणसं जेवू द्या."

माझं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा उतरला.

बाकीचे आनंदानं रडले. मला काय ते बरं वाटलं नाही...

त्यानंतर आमच्या गच्चीवर कावळा आला नाही. आजतागायत नाही. रोज घास ठेवते, मुंग्या खातात.

वैशाखातली दुपार. घरात मी एकटी. लाईट गेली, पंखा थांबला. रस्ता गप, शेजारची पोरं गप. मी भुईवर पाठ टेकली.

आणि...

ऊंऽऽऽ

बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की निघतो, तसा आवाज. लांबचा. पोकळ.

बाटली कोनाड्यात होती. वाऱ्याची झुळूक नव्हती. पानही हलत नव्हतं.

मग टिक... टिक... तार काचेला लागते तसं.

हा आवाज मी किती वर्षं ऐकला होता. ह्या आवाजावर मी चिडचिड केली होती. मी उठले, कोनाड्यापाशी गेले.

पहिली डोलकाठी उभी होती.

तिचा दोरा बाहेर लोंबत नव्हता. तोंडाशी साफ तोडलेला होता. आत बुडाशी डिंकाचा थेंब. अजून ओला.

संध्याकाळी मी सगळ्यांना फैलावर घेतलं. कुणी हात लावला? कुणीच नाही. उदयसिंह म्हणाला, उन्हानं दोरा आवळला असेल. मी म्हटलं, आणि डिंक काय उन्हानं लावला?

त्या रात्रीपास्नं मला पाणी खारट लागायला लागलं.

माठातलं खारट. नळाचं खारट. आरोहीनं दुकानातनं बाटली आणली, तीही खारट. बाकी सगळ्यांना गोड. चालताना भुई हलायची, डुलत डुलत, सावकाश. डॉक्टर म्हणाला बीपी. गोळ्या दिल्या. मी खाल्ल्या. भुई डुलतच राहिली. अंगातलं बळ पाझरून चालल्यागत झालं. भाकरी थापताना परातीवर ओणवी व्हायची ती तशीच राहायची.

मग एका दुपारी परत... ऊंऽऽऽ

मी उठले नाही. उठवलंच नाही. पडल्या पडल्या ऐकत राहिले. टिक... टिक... टिक...

अंगात जरा बळ आल्यावर कोनाड्यापाशी गेले. मधली काठी उभी. शीड फुगलेलं. वाऱ्यानं फुगतं तसं, बंद काचेच्या आत.

आणि गलबतावर कुणीतरी होतं.

गव्हाच्या दाण्याएवढं. हिरव्या लुगड्यातलं, डोक्यावर पदर. पाठमोरं बसलेलं. शेजारची जागा मोकळी.

मी ट्रंक उघडली. माझं हिरवं इरकल लुगडं घडी मोडून बघितलं. पदराच्या टोकाला नखाएवढा तुकडा नव्हता. कापलेल्या कडेचा एक धागा सुटला नव्हता. कडेला डिंक लावला होता.

लुगड्यातला तुकडा सुद्धा किती नीट कापला होता. मालकांचंच काम.

आता उदयसिंहालाही ते दिसलं. तो पांढरा पडला. म्हणाला, "आई, मी ही बाटली आत्ता नेऊन नदीत टाकतो." मी नको म्हणायच्या आत त्यानं ती उचलली, तिरकी केली.

मी जमिनीवर घसरले.

घरच कलंडलं म्हणा ना. चौकटीला धरायला गेले तर हात पोचला नाही. तोंडात खारं पाणी आलं, नाकातनं आलं. दिपाली किंचाळली. उदयसिंहानं बाटली सरळ धरली तसा माझा श्वास परत आला.

त्यानं बाटली कोनाड्यात ठेवली, देव ठेवतात तशी. मग माझ्यापाशी बसून लहान पोरासारखा रडला.

म्हणजे टाकायची सोय नाही. फोडायची तर नाहीच.

उरली तिसरी काठी. ती उभी राहिली, दोरा तुटला, की गलबत निघालं.

एक सांगते. मला मरायचं नव्हतं. वय झालंय, नवरा गेलाय, सगळं झालंय, असं लोक तोंडावर म्हणतात. म्हणू द्या. जगायला कारण लागतं का? सुनेला अजून कडक भाकरी जमत नाही, हे कारण धरा. मला सकाळचा चहा आवडतो, हे धरा. मी देवाला नवस बोलले नाही, मांत्रिक आणला नाही. आमचा नवरा-बायकोचा मामला. तिसरा कशाला?

पावसाळा तोंडावर होता. घरातली सगळी एका लग्नाला गेली. मला न्यायला निघालेली, मीच धाडलं. दिवे लागायची वेळ. मी देवाला दिवा लावला, आणि जातं ओढून कोनाड्याखाली आणलं. कसं आणलं ते मला ठाऊक. दोनदा खाली बसले.

मग तिसरा दोरा हातात धरला आणि बसून राहिले.

रस्त्यावरचा आवाज सावकाश कमी होत गेला... गाड्या गेल्या. कुत्री गेली. समईची वात हलायची थांबली.

ऊंऽऽऽ

दोरा ताणला.

नुसता उन्हानं आवळतो तसा नाही. पलीकडं माणूस असल्यागत. बोटाभोवती वेढा दिला होता, तो आत रुतला, रक्त आलं. बाटलीत तिसरी काठी हळूहळू उठायला लागली. रीत उलटी झाली होती, ओढ आतनं होती; बाहेरनं धरलं तरच काठी अडणार. भुई डुलायला लागली. पायाला गार पाणी लागलं. बघितलं तर फरशी कोरडी.

आणि त्या पोकळ आवाजात शब्द होते.

"बजा... येतीस का?"

तोच सूर. ज्वारी काढायच्या दिवसातला. मी सांगते, त्या सुरात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"न्हाय," मी म्हटलं.

दोरा आणखी ओढला गेला. माझा खांदा भिंतीला आपटला.

मी मंगळवेढ्याची. आठ परस खोल विहिरीचं पाणी दोन हातांनी शेंदलंय मी, पोटुशी असताना शेंदलंय. मी दोन्ही पाय भिंतीला लावले आणि मागं ओढलं. काठी थांबली. धड उभी नाही, धड आडवी नाही. मी दोरा सोडला नाही. जात्याच्या खुंट्याला वेढे दिले. एक, दुसरा, हाताला लागतील तेवढे. वर गाठ मारली. बैलाच्या दाव्याला मारतात तशी.

जातं हललं.

दगडाचं जातं, भुईवर सरकलं. वीतभर. कोनाड्याकडं.

मग थांबलं.

घरची मंडळी आली तेव्हा मी दारात बसून पाणी पीत होते. पाणी गोड होतं.

ह्याला आता वर्ष झालं. कुणी म्हणतं जागा बदला, कुणी म्हणतं शांती करा. मी ऐकत नाही. बाटली कोनाड्यात, जातं खाली, दोरा बांधलेला. तिसरी काठी तिरकी. दिवसा दोरा सैल असतो. दिवे लागायच्या वेळेला ताणतो, बोट लावलं तर तंतुवाद्यागत वाजतो.

दोन गोष्टी मात्र मी घरात कुणाला सांगितल्या नाहीत. हितं सांगते; आरोहीला चढवताना कळतील, तेव्हा कळू दे.

जात्याचा खुंटा बाभळीचा आहे, लोखंडासारखा. त्याला दोऱ्यानं चर पाडलाय. दर महिन्याला मी नखानं बघते. चर खोल होत चाललाय.

आणि ते हिरव्या लुगड्यातलं जे आहे ना... ते आता पाठमोरं नाही.

हळूहळू वळलंय. तोंड इकडं. डोळे नाहीत, ओठ नाहीत. पण नाकात नथ आहे, मोत्याची. तशी नथ मी लग्नात घातली होती. ती हरवून किती वर्षं झाली.

काल परत दिवे लावले. परत तो आवाज आला, परत शब्द आले. येतीस का. वर्षभर रोज तेच. मी जात्यापाशी बसले, खुंट्यावर हात ठेवला, आणि जन्मात पहिल्यांदा नाव घेऊन बोलले. दार उघडं होतं. शेजारणीनं ऐकलं. ऐकू दे.

"जोतीराम, ऐका. येते म्हणलं होतं, येणार. बजाबाई शब्द फिरवत न्हाय. पण कधी, ते तुमी न्हाय ठरवायचं. आयुष्यभर मी तुमच्यासाठी जेवायची थांबले. आता तुमी थांबा."