नऊ आकड्याखालची भोकं

एक जर्सी नीट करायला माणसानं किती दिवस लावावेत? रफूवाल्या लूशिअसनं पानगळीत नेलेली जर्सी पीच पिकायला आले तरी हातावेगळी केली नव्हती. दर शनिवारी पिशवी घेऊन यायचा, व्हरांड्यात बसून गोड चहा प्यायचा आणि मान खाली घालून म्हणायचा, "अजून थोडं राहिलंय, मिस विली."

मिस विलीच्या मते, असल्या माणसाला चहात साखर घालणं हेच पाप!

लग्न झालं तरी गाव तिला आदरानं 'मिस'च म्हणायचं. जर्सी तिच्या नवऱ्याची, एमरीची. बर्मिंगहॅमच्या लोखंडाच्या कारखान्याच्या बेसबॉल संघातून तो चेंडू टाकायचा तेव्हा पाठीवर चौदा होता. पुढं पोरानं, हॉलिसनं, चौदा उसवून आपला नऊ शिवला आणि चर्चच्या संघात तीच मिरवली. आता दोघंही मातीआड. एमरी पिकलं पान होता, पण हॉलिस ऐन तिशीत गेला… त्याची बायको रोझेटा सासूपाशीच राहिली. जेवणाच्या टेबलाशी त्याची खुर्ची मिस विली रोज पुसायची. बसू कुणालाच द्यायची नाही.

येत्या रविवारी चर्चमध्ये जुन्या खेळाडूंची आठवण व्हायची होती. एमरीची जर्सी तिथं नऊ काढून, पुन्हा चौदा मिरवत लागली पाहिजे, हा मिस विलीचा हुकूम.

"आजही अर्धीच?" रोझेटानं पीच घालून भाजलेल्या गोड कॉबलरची वाटी पुढं केली.

"घाई केली की लोकर रुसते," लूशिअस म्हणाला.

"लोकर रुसते, की कॉबलर आवडतं?"

"कॉबलरसाठी येत असतो, तर… वाटी रिकामी झाल्यावर उठलो नसतो का?"

रोझेटाच्या ओठांवर हसू आलं. चोरी पकडली गेल्यासारखा तिनं त्यावर हात ठेवला आणि आत पळाली.

मिस विलीनं पाहिलं. जर्सी मांडीवर ओढली. चर्चच्या गायकांचे झगे शिवण्यात तिचा जन्म गेलेला. नऊच्या कडेवरून तिचं बोट फिरलं आणि थांबलं. दोरा कोरा होता. भोकांची ओळही एक नव्हती—दोन होत्या.

"हा काढून परत शिवलास?"

लूशिअसनं टोपी काढली. "थंडीत काढला होता. त्या दिवशी रोझेटा माझ्या दुकानात आल्या. जर्सीची मोकळी पाठ पाहिली… आणि टेबल धरून उभ्याच राहिल्या. त्या गेल्यावर मी परत लावला."

"आणि मला सांगायला जीभ झडली होती?"

"काय सांगू? मला त्या आवडतात, मिस विली. म्हणूनच त्यांच्या नवऱ्याचा आकडा माझ्या हातानं निघायला नको."

दारात बशी वाजली. रोझेटानं सगळं ऐकलं होतं.

ती आली, लूशिअसच्या पिशवीतली छोटी कात्री घेतली आणि पायरीवर बसली. एकेक टाका तोडत राहिली. मिस विली समोरच्या पेकनच्या झाडाकडं बघत बसली. त्या झाडात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

नऊ सुटला. रोझेटानं तो गालाला लावला… "आई, हा मी ठेवू?"

"तुझाच आहे, बाई."

खाली लोकरीवर एमरीचा चौदा भोकाभोकांनी उमटलेला होता. इतकी वर्षं झाकलेला, पण एकही भोक बुजलं नव्हतं.

"आता चौदा शिवा," रोझेटा लूशिअसला म्हणाली.

त्यानं पिशवीतून चौदाचा आकडा काढला, सुई घेतली. दोरा काही केल्या ओवला जाईना. रोझेटानं सुई हळूच काढून घेतली, ओवली आणि परत दिली. देताना तिची बोटं त्याच्या हातात जरा जास्तच वेळ राहिली.

मिस विलीनं घसा खाकरला.

"लूशिअस, जर्सीला लावलास तेवढा वेळ हिला विचारायला लावलास, तर याच पायरीवरून ढकलीन. रविवारी चर्च सुटलं की जेवायला ये. आणि इथं व्हरांड्यात नाही—आत, हॉलिसच्या खुर्चीवर बस. खुर्ची बसायला असते रे, पुसायला नाही."